ताकद, दम आणि शंभर वर्षांचा शोध

१९६९ साली महाराष्ट्र केसरीचं मैदान लातूरला भरलं आणि किताब गेला रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांकडे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडावं लागलं. किताबाच्या पुढच्याच वर्षी बिराजदारांनी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून सुवर्णपदक आणलं. त्यांचा निलंगा तालुका १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता आणि आमचं किनवटकडचं इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात. राज्य पुनर्रचनेच्या एकाच कायद्याने हे दोन्ही मुलूख १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात आले. त्या कायद्यात इस्लापूर सर्कलचा नावानिशी उल्लेख आहे. कागदावर जिल्हे बदलले, राज्य बदललं, पण जत्रेतला कुस्त्यांचा फड काही बदलला नाही. माळेगावच्या यात्रेत आजही मानाच्या कुस्त्या लागतात आणि त्यांच्यासाठी पोरं वर्षभर मेहनत करतात.

या मेहनतीचं शास्त्र तालमीतल्या वस्तादाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. नव्या पठ्ठ्याला तो पहिल्याच दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही, आकडा चढवत नेतो. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यात लढत, दुपारी सक्तीची झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत. दूध-तूप-बदामाचा खुराक चुकला तर तो रागावतो, आणि झोप चुकली तर जास्त रागावतो. ताकद आणि दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीने दुसरीची भरपाई होत नाही, हेही त्याला माहीत असतं. मेहनत थांबली की अंग उतरतं, हे तर आखाड्याबाहेरच्यांनाही माहीत असतं.

पण हे घडतं कसं? बैठक मारणाऱ्या मांडीला कळतं कसं, की आपण आणखी जाड व्हायला हवं? बिराजदार लातूरच्या मैदानात उतरले तेव्हा या प्रश्नाचं उत्तर ना तालमीत होतं, ना केंब्रिजमध्ये, ना हार्वर्डमध्ये. मात्र शोध सुरू होऊन तोवर सत्तर वर्षं उलटली होती.

सुरुवात झाली ती १८९७ साली. इटलीतल्या सिएना इथल्या बेनेदेत्तो मोरपुर्गो यांनी कुत्र्यांच्या एका मांडीतला एक लांबट स्नायू काढून घेतला. जखम भरल्यावर त्या कुत्र्यांना दोन महिने फिरत्या चाकात पळवलं. मग दुसऱ्या मांडीतला तोच स्नायू काढून त्यांनी दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण निष्कर्ष पक्का निघाला. पळून आलेला स्नायू सुमारे दीडपट जाड झाला होता, आणि त्यातल्या तंतूंची संख्या मात्र वाढली नव्हती. होते तेच तंतू जाड झाले होते. व्यायामाने नवे स्नायू फुटतात हा समज तिथे मागे पडला.

पुढची तीस-पस्तीस वर्षं शास्त्रज्ञांचं सगळं लक्ष इंधनावर गेलं. स्नायू वाढतो कसा हा प्रश्न बाजूला पडला आणि तो चालतो कशावर हा पुढे आला. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं ते स्नायूतली उष्णता आणि लॅक्टिक आम्ल यांच्या अभ्यासासाठी. लॅक्टिक आम्ल तयार होतं म्हणूनच स्नायू आकसतो, असं तेव्हा जवळजवळ सगळेच मानत. या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला तो बोस्टनमध्ये, आणि तो देणाऱ्या दोघांपैकी एक होता गोदावरीच्या दुसऱ्या टोकाचा, भीमावरमचा तेलुगू तरुण.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची गोष्ट आपल्या शाळांमधून सांगितली जात नाही, याची मला खंत वाटते. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात खादी घालायला सुरुवात केली. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकाची त्यामुळे मर्जी गेली आणि एमबीबीएसऐवजी खालच्या दर्जाची एलएमएस ही पदवी त्यांच्या हाती पडली. १९२३ साली ते बोस्टनला पोचले. पोटासाठी रुग्णालयात रात्री पडेल ती कामं करत आणि दिवसा हार्वर्डच्या प्रयोगशाळेत सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करत. रक्तातलं आणि ऊतींतलं फॉस्फरस मोजण्याची त्या दोघांची पद्धत पुढे जगभर वापरली गेली. त्याच पद्धतीने स्नायू तपासताना १९२७ साली त्यांना फॉस्फोक्रिएटिन सापडलं. स्नायू कामाला लागला की ते घटायचं आणि विसावला की पुन्हा भरायचं. १९२९ मध्ये त्यांनी एटीपी वेगळं काढलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही ते शोधलं. पेशीतलं जवळजवळ प्रत्येक काम ज्या रेणूवर चालतं तो हाच. १९३० मध्ये डेन्मार्कच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी दाखवून दिलं की लॅक्टिक आम्लाची निर्मिती विषाने बंद पाडली तरी स्नायू काही काळ आकसत राहतो. जुना सिद्धांत तिथे संपला. सुब्बाराव १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये वारले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

इंधन कळलं, पण यंत्र कळलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हंगेरीतल्या सेगेड शहरात आल्बर्ट सेंट-जॉर्जी आणि त्यांचे सहकारी स्नायूतली प्रथिनं वेगळी काढत होते. मायोसिन आधीच माहीत होतं. ब्रुनो श्ट्राउब यांनी ॲक्टिन शोधलं. दोन्हींपासून बनवलेला धागा काचेच्या बशीत ठेवून त्यावर एटीपी टाकलं, तर तो धागा आकसला. शरीराबाहेर, बशीत! आयुष्यातल्या सर्वांत थरारक क्षणांमध्ये सेंट-जॉर्जी या क्षणाची गणना करत. मग १९५४ च्या मे महिन्यात ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध पाठोपाठ आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं, निष्कर्ष मात्र एकच होता: आकसताना तंतूतले धागे स्वतः आखूड होत नाहीत, मायोसिनचे जाड धागे आणि ॲक्टिनचे बारीक धागे एकमेकांवरून सरकतात. मोरपुर्गोंनी पाहिलेली जाडी कशाची, तेही आता सांगता येऊ लागलं. प्रत्येक तंतूत असे धागे शेजारी शेजारी वाढत जातात.

१९६१ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाच्या स्नायूतंतूच्या कडेला चिकटून बसलेल्या काही सुस्त पेशी दिसल्या. कणगीत राखून ठेवलेल्या बियाण्यासारख्या त्या नुसत्या पडून असतात. तंतूला इजा झाली किंवा त्याच्यावर सतत भार पडला की जाग्या होऊन विभागतात आणि तंतूत मिसळून त्याला नवी केंद्रकं पुरवतात. मॉरोंचं टिपण जेमतेम दोन-तीन पानांचं होतं. त्याचं मोल कळायला बराच काळ गेला.

इथवर जे झालं ते मुख्यतः बेडूक, ससे आणि कुत्र्यांसारख्या प्राण्यांवर. जिवंत माणसाच्या मांडीत काय चाललंय हे पाहण्याची सोय स्टॉकहोमच्या योनास बर्गस्ट्रोम यांनी १९६२ मध्ये केली. स्नायूतला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढता येईल अशी एक पोकळ सुई त्यांनी वापरात आणली. मग त्यांनी आणि एरिक हुल्टमन यांनी १९६६ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो साधेपणात मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. एकच सायकल. तिच्या दोन बाजूंना हे दोघे संशोधक. एकाने एका पायाने पॅडल मारायचं, दुसऱ्याने आपल्या एका पायाने, आणि दोघांचाही दुसरा पाय विसावलेला. पायात त्राण उरेना तोवर ते पॅडल मारत राहिले. मग तीन दिवस पिठाळ-गोड अन्न खाल्लं आणि रोज स्वतःच्याच दोन्ही मांड्यांत सुई खुपसून तुकडे काढले. थकलेल्या पायातली साखरेची साठवण, म्हणजे ग्लायकोजेन, रिकामी होऊन भरली आणि भरता भरता विसावलेल्या पायाच्या जवळपास दुपटीवर गेली. रक्त तेच, अन्न तेच, हार्मोन तेच. फरक एवढाच, की एका पायाने काम केलं होतं. म्हणजे वाढीचा निरोप वरून, मेंदूकडून किंवा रक्तातून येत नव्हता. तो त्या स्नायूच्या आतच तयार होत होता.

त्याच्या पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे जॉन होलोझी यांनी दमाचा उलगडा केला. आधीच्या काही संशोधकांनी उंदरांना पोहायला लावून पाहिलं होतं आणि स्नायूंत फारसा बदल आढळला नव्हता. होलोझींना वाटलं, कष्टच कमी पडलेत. त्यांनी उंदरांना पळत्या पट्ट्यावर ठेवलं आणि बारा आठवडे वेग व वेळ चढवत नेली, शेवटी रोज दोन तासांपर्यंत. वस्ताद बैठकांचा आकडा चढवतो तसंच हे, फक्त होलोझींनी शेवटी स्नायू उघडून आतली विकरं मोजली. प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांची विकरं जवळपास दुप्पट झाली होती. दम वाढतो तेव्हा हृदय-फुप्फुसं सुधारतातच, पण पिंडरी-मांडीच्या प्रत्येक तंतूत ऊर्जेचे नवे कारखानेही उभे राहतात, हे तिथे पहिल्यांदा आकड्यांनिशी सिद्ध झालं. लातूरच्या त्या मैदानाला तेव्हा दोनच वर्षं उरली होती.

होलोझींच्याच प्रयोगशाळेत पुढे रॉबर्ट हिक्सन आला. वजनं उचलून अंग कमावलेला तरुण. होलोझींबरोबर तो रोज पळायला जाऊ लागला आणि त्याचं कमावलेलं अंग उतरू लागलं. त्याने हा प्रश्न प्रयोगाला लावला आणि १९८० साली निकाल छापला. एका गटाने दहा आठवडे फक्त ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमाचा, तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सुरुवातीला पहिल्या गटासारखीच वाढली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घसरली. दम मात्र दुसऱ्या गटाइतकाच वाढला. हिक्सनचा व्यायाम फार कडक होता. रोजच्या माफक सरावात इतका तोटा होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. तरी प्रश्न उरलाच: एकाच स्नायूत ताकद आणि दम एकमेकांच्या आड का येतात?

उत्तराचा एक धागा आला पार पॅसिफिक महासागरातून. १९६४-६५ च्या हिवाळ्यात कॅनडाचं एक वैद्यकीय पथक ईस्टर बेटावर गेलं आणि येताना तिथल्या मातीचे नमुने घेऊन आलं. माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या चमूने त्या मातीतल्या एका जीवाणूपासून बुरशी मारणारं एक रसायन वेगळं केलं. बेटाच्या रापा नुई या नावावरून त्याला रॅपामायसिन म्हणू लागले. सेहगल फाळणीआधीच्या पंजाबातल्या खुशाबचे, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. हे रसायन शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं आणि गाठींची वाढ रोखतं, असं त्यांच्या लक्षात येत होतं, पण कंपनीला रस उरला नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा त्यांनी त्या जीवाणूच्या कुप्या घरी नेऊन फ्रीजरमध्ये जपून ठेवल्या. काही वर्षांनी नव्या व्यवस्थापनाने काम पुन्हा सुरू केलं आणि १९९९ साली ते मूत्रपिंड रोपणानंतरचं औषध म्हणून बाजारात आलं.

रॅपामायसिन पेशीत नेमकं कशाला जखडतं याचा शोध घेताना १९९४ मध्ये एक मोठं प्रथिन हाती लागलं. त्याचं नाव एमटॉर. पेशीत अन्न पुरेसं आहे का, वाढायला हरकत नाही ना, याचा हिशेब ते ठेवतं आणि होकार मिळाला की प्रथिनं बांधायला सुरुवात करतं. २००१ साली स्यू बोडीन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या एका स्नायूवर जादा भार टाकला. तो अपेक्षेप्रमाणे वाढला. ज्या उंदरांना रॅपामायसिन दिलं होतं त्यांच्यात ही वाढ जवळपास पूर्ण थांबली. २००९ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी माणसांवर हेच पाहिलं: वजनं उचलण्याआधी रॅपामायसिन दिलं, तर व्यायामानंतर प्रथिनबांधणीचा जो वेग एरवी वाढतो तो वाढलाच नाही. मांडीला भार कळतो तो मोठ्या अंशी या वाटेने. अन्नातली प्रथिनंही एमटॉरलाच चेतवतात. मेहनतीबरोबर खुराक हवाच, हा वस्तादाचा आग्रह रेणूंच्या पातळीवर असा खरा ठरला.

दमाची वाट वेगळी निघाली. लांब पळताना एटीपी खर्ची पडतं आणि त्याचे मोडके अवशेष साचतात. ते साचले की एएमपीके नावाचं विकर जागं होतं. स्कॉटलंडचे ग्रॅहम हार्डी यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि व्यायामाने ते स्नायूत चेततं हे १९९६ साली विल्यम विंडर यांच्याबरोबर दाखवलं. १९९८ मध्ये बोस्टनमध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या चमूला पीजीसी-१ हे प्रथिन सापडलं, तेही थंडीत चरबी कशी तापते हे शोधताना. मायटोकाँड्रिया उभारणाऱ्या जनुकांना एकत्र कामाला लावणारं ते प्रथिन होतं. २००२ साली त्यांनी उंदरांच्या स्नायूत ते वाढवलं, तर फिकट, चटकन थकणारे तंतू लालसर आणि चिवट झाले. होलोझींनी बारा आठवड्यांच्या शेवटी मोजलेल्या बदलाची सुरुवात कुठून होते, ते आता दिसलं. हिक्सनच्या कोड्याचाही निदान एक भाग सुटला, कारण इंधन आटल्याची वर्दी देणारं एएमपीके एमटॉरच्या बांधकामाला लगाम घालतं. माणसांमध्ये हा लगाम किती घट्ट असतो यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत.

दुपारच्या सक्तीच्या झोपेचा हिशेबही याच काळात लागला. जड व्यायामानंतर स्नायूतली प्रथिनबांधणी एक-दोन तासांत आटोपत नाही, ती दोन दिवसांपर्यंत वाढलेली राहते, हे १९९७ मध्ये माणसांवर मोजलं गेलं. मेहनत चालू असताना स्नायू झिजतो, तो बांधला जातो नंतर.

या ज्ञानाचा आखाड्याला उपयोग झाला, पण मला त्याहून मोठं वाटतं ते पुण्यात झालेलं काम. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आयांचा आणि बाळांचा अभ्यास हाती घेतला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण कमी वजनाचा हा वाटा सगळीकडून सारखा कापलेला नव्हता. आपल्या बाळांची त्वचेखालची चरबी बरीचशी टिकून होती आणि घट होती ती मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा हिस्सा स्नायू ओढून घेतात. तेच मुळात कमी असतील तर मधुमेहाला दार लवकर उघडतं. उलट, काम करणारा स्नायू साखर आत घेणारं ग्लूट-४ हे प्रथिन इन्शुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर आणतो. नांगरामागे, डोंगरवाटेने किंवा मोळी घेऊन चालणारं किनवटचं माणूस हे न कळत रोज करत आलं. पाण्याला बोअर आणि जायला मोटारसायकल आली, कष्ट हलके झाले, आणि व्हायलाच हवे होते. पण त्या कष्टांमुळे मांड्या दिवसभर जी साखर ओढून घेत होत्या, ती आता रक्तातच राहते.

बिराजदार पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले आणि २०११ साली गेले. त्यांच्याकडे घडलेला बीडचा राहुल आवारे पुढे लातूरच्या काका पवारांच्या हाताखाली तयार झाला, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवलं आणि तो पोलीस खात्यात अधिकारी झाला.

खाकी वर्दीचं हेच स्वप्न घेऊन आज इस्लापूर-किनवटच्या रस्त्यांवर पहाटे पोरं-पोरी पळतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, सगळ्यांना १०० मीटर आणि गोळा. म्हणजे दम आणि ताकद, दोन्ही एकाच मैदानावर. बरीच मुलं जाहिरात निघाल्यावर सरावाला लागतात आणि मग रोज दोन्ही वेळा, अंग मोडेपर्यंत पळतात. शंभर वर्षांच्या या शोधाने स्नायूची जी कालगणना हाती दिली आहे ती त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही, याचं मला वाईट वाटतं. ग्लायकोजेन एक-दोन दिवसांत भरतं, त्यासाठी भाकरी-भात पोटभर लागतो. गोळ्यासाठी केलेल्या जड व्यायामाचं बांधकाम दोन दिवस चालतं, म्हणून तोच व्यायाम रोज करण्यात फायदा नाही. मायटोकाँड्रिया मात्र कित्येक आठवड्यांच्या चढत्या सरावाने वाढतात, शेवटच्या पंधरवड्यात नाही, आणि सराव सोडला की काही आठवड्यांत घटूही लागतात. गोळ्याचा सराव आणि लांब पल्ल्याची धाव यांत काही तासांचं, जमलं तर दिवसाचं अंतर ठेवलेलं बरं. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. लागतं ते जाहिरातीच्या चार-सहा महिने आधी सुरू करणं, आणि आठवड्यातून एखादा दिवस घरच्यांनी ‘आज पळायला का गेला नाहीस’ असं न विचारणं.